मागच्या डब्यातला गार्ड

वैशाली नगरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात सीमा नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी एक म्हातारबुवा नातीच्या मोबाइलातला गेम वाकून पाहत होते.

"ही कुठली लढाई आहे, आम्रपाली?"

"दुनिया आपलीच आहे, आजोबा, पर इतिहास अलग. यात रेल्वे कधी बनलीच नाही."

"रेल्वेच नाही? मंग राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीतला माल आपल्या स्टील प्लांटात कोन आनते?"

"ते फुग्यावानी मोठं जहाज दिसून राहिलं ना? सगळा माल त्याच्या खाली लटकलेल्या डब्यांत. मी विमानानं त्याले पाडते. देखो, अब गया!"

"थांब! मागच्या डब्यात कोन बसून आहे?"

"कोणी नाही. गेम आहे ना!"

"मालगाडीच्या मागं गार्ड असतेच. जिंदगीभर मीच बसलो तिथं."

"आजोबा, वो फायर कर रहे हैं!... लो, मर गई मैं. झालं समाधान?"

"पुन्हा लाव. अन् विमान बाजूनं ने, एकदम जवळून."

"कावून?"

"त्याले हात दाखवाचा आहे. ऑल राइट, गाडी ठीक चालली म्हनून. आमाले कोनी दाखवला का बरं वाटे."

सीमाचं नाव पुकारलं.

"तुम्ही जा आधी," ती मागच्या बाईला म्हणाली.

"आजोबा, जहाज येऊन राहिलं. हात वर करा."