कान फाटलेल्या हरणाच्या चोरीबाबत

जबाब देणार : शिकारीच्या रानावरचा चारेवाला, सगळे 'काका' म्हणतात, वय ५७ वर्षे, काम जनावरांना चारा घालणे (कालपर्यंत), राहणार रानाच्या मागच्या फाटकालगतची खोली (तीही कालपर्यंतच).

मी आज सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर असून विचारल्यावरून सांगतो की, सदर रानावर मी सहा वर्षांपासून कामास होतो व तेथे पत्नीसह राहत होतो. रान खासगी असून त्यास चारी बाजूंनी उंच जाळीचे कुंपण आहे. तेथे हरणे वाढवतात व परवाना असलेल्या गिऱ्हाइकांना त्यांची शिकार करू देतात. कामावर घेताना मालकांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "जनावरांचा लळा आहे का?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मग काम तुमचंच."

फाटकावर नियमांचा फलक आहे. सापळा नाही, फासा नाही, आमिष नाही, अंधारातली शिकार नाही, गाभण मादीवर गोळी नाही, प्रत्येक जनावरास पळण्याची पूर्ण संधी. पहिल्या दिवशी फलक वाचून माझ्या जिवात जीव आला होता. हे नियम तेथे काटेकोर पाळले जातात. सहा वर्षांत एकही सापळा माझ्या दृष्टीस पडलेला नाही.

माझे काम असे की, सकाळ-संध्याकाळ पत्र्याची बादली वाजवून जनावरांना बोलवायचे व पेंड घालायची. शिकारीच्या दिवशी गिऱ्हाईक मचाणावर बसते. मी समोरच्या मोकळ्या जागेत जाऊन बादली वाजवतो व बाजूला होतो. हे आमिष होत नाही का, असे मी पहिल्या वेळी व्यवस्थापकांना विचारले होते. ते म्हणाले, "त्या दिवशी बादलीत काही असतं का? नाही ना? मग आमिष कसलं?" बादली रिकामी असते, हे खरे आहे. अशी आजवर अकरा जनावरे झाली. आकडा विचारला म्हणून सांगितला. मी मोजत नव्हतो.

सदर हरीण चार वर्षांचा नर आहे. त्याची आई कुंपणात अडकून मेली तेव्हा ते आठ दिवसांचे होते. व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून पत्नीने त्यास आमच्या खोलीत बाटलीने दूध पाजून वाढवले. नाव ठेवायचे नाही, पुढे त्रास होतो, असे मी तिला बजावले होते. त्यामुळे ती मला "ऐकलंत का" व त्याला "ऐकलंस का" अशी हाक मारू लागली. हाक आली की आम्ही दोघेही मान वळवायचो. मोठे झाल्यावर त्यास रानात सोडले, तरी पावसाची भुरभुर लागली की ते दारात येऊन उभे राहायचे.

प्रत्येक जनावराच्या कानात नंबरचा बिल्ला असतो. शिकारीच्या आदल्या दिवशी तो काढून घेतात, कारण रानटी जनावराला नंबर नसतो. याचा बिल्ला काढताना कान फाटला. गिऱ्हाइकास 'नरांच्या झुंजीत फाटला' असे सांगण्यात आले. त्याची कोणाशी झुंज झाल्याचे मला माहीत नाही. पत्नीच्या मांजरीला ते भिते.

काल सकाळी साडेसहा वाजता गिऱ्हाईक आले. ते दातांचे डॉक्टर आहेत. चहा घेताना ते मला म्हणाले, "काका, मी खाटकाकडचं मांस खात नाही. स्वतः मारायची हिंमत नसेल तर खाऊ नये माणसानं. पण मारायचं तर जनावराला पळायला मिळालं पाहिजे." मला हे पटले. मग मी जाऊन बादली वाजवली.

हरीण लगेच आले. बादलीत डोकावले. काही नाही म्हटल्यावर माझ्याकडे बघत उभे राहिले. डॉक्टरांनी वरून सांगितले, "पळवा त्याला." व्यवस्थापकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडलो. ओरडणारा मीच आहे हे ओळखून ते आणखी जवळ आले. व्यवस्थापकांनी हवेत बार काढला, तेव्हा ते घाबरून माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही बाजूला व्हा." मी बाजूला झालो. तेही झाले. असे तीनदा झाले.

डॉक्टर मचाणावरून खाली उतरून जवळ आले. हरणाने त्यांच्या कोटाच्या खिशात तोंड घालून हातमोजा काढला व चावायला घेतला. डॉक्टरांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "ही शिकार आहे? हे तर कोणाचं तरी पोर आहे. मला रानटी जनावर सांगितलं होतं." त्यांनी बंदूक रिकामी केली व फसवणुकीची तक्रार देतो म्हणून ते तडक निघून गेले. सहा वर्षांत त्या मचाणाखाली एवढे खरे कोणी बोलले नव्हते. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. आज सकाळपर्यंत तो होता.

दुपारी बारा वाजता व्यवस्थापकांनी मला सांगितले की, हरणास लहान कोंडवाड्यात घाला, उद्यापासून पेंड बंद, कुत्रे येणार आहेत. कुत्रे कशाला, असे विचारता ते म्हणाले, "त्याला माणसाची भीती शिकवायला. तुम्ही सगळं बिघडवून ठेवलंय, काका." मी चाव्या व बादली त्यांच्या टेबलावर ठेवली. पत्नी आधीच मांजर घेऊन गावातल्या तिच्या भावाकडे गेली होती. मी पिशवी घेतली व एक वाजून दहा मिनिटांनी निघालो. पेंडीची गाडी आत येत असल्याने फाटक उघडे होते. मी पुढे होतो व हरीण मागे होते.

पुलापाशी मी त्यास एक दगड मारला. नेम चुकला. माझा नेम चांगला आहे. त्याने जाऊन तो दगड हुंगला व परत माझ्या मागे लागले. चौकात लाल दिव्याला मी थांबलो, तेही थांबले. लोकांनी फोटो काढले. मोटारीतल्या एका बाईंनी खिडकी खाली करून "किती गोड!" असे म्हटले. अडीच वाजता आम्ही मेहुण्याच्या गॅरेजवर पोचलो. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्हाला राहायला जागा आहे. पण याला मी कुठं पार्क करू?" मालकांच्या तक्रारीवरून आज सकाळी शिपाई तेथे आले व आम्हा दोघांना टेंपोने येथे आणले. हरीण सध्या ठाण्याच्या आवारात असून त्याने फलकावरील हरवलेल्या व्यक्तींच्या दोन सूचना खाल्ल्या आहेत. ते मी रोखू शकलो नाही.

मालक व डॉक्टर दोघेही बाहेर बाकावर बसलेले आहेत. त्यांच्यात समझोता झाल्याचे मला जमादारांकडून समजले. पंधरा दिवस उपाशी ठेवून, कुत्रे मागे लावून हरणास पळायला शिकवायचे, मग डॉक्टरांनी त्याची नियमाप्रमाणे शिकार करायची. त्यास पळण्याची पूर्ण संधी मिळणार असल्याने डॉक्टरांचे समाधान झाले असून ते तक्रार मागे घेणार आहेत. मालकांनीही मोठ्या मनाने मला माफ करायचे ठरवले आहे. मी फक्त 'हरीण आपणहून मागे आले' एवढे लिहून द्यायचे आहे.

यावर जमादारांशी माझे जे बोलणे झाले ते माझ्या विनंतीवरून लिहून घेतले आहे. जमादार म्हणाले, "काका, खरं तेच लिहून द्यायचंय. सही करा आणि घरी जा." मी विचारले, "आणि ते?" ते म्हणाले, "ते मालकाचं, मालकाकडे." मी विचारले, "आणि मी चोरलं म्हणालो तर?" ते म्हणाले, "तर गुन्हा दाखल होईल. मग ते हरीण नाही, मुद्देमाल. मालकानं कोर्टात अर्ज करून नेलं, तरी हमीपत्र द्यावं लागतं. कोर्ट मागेल तेव्हा जिवंत आणि जसंच्या तसं हजर करायचं. उपाशी ठेवायचं नाही, ओरखडा उठता कामा नये." खटला किती दिवस चालतो, असे मी विचारले. त्यांनी खिडकीतून आवारातल्या गंजलेल्या सायकलींकडे बोट दाखवले व म्हणाले, "त्यांचे अजून चालू आहेत." नंतर लिहिणे थांबवून त्यांनी मला विचारले, "हरीण जगतं किती?" मी सांगितले, नीट सांभाळले तर पंधरा-सोळा वर्षे. ते म्हणाले, "मग बसतंय."

मी पत्नीस फोन करून सर्व सांगितले. ती म्हणाली, "चोर तर चोर. जेवायला येणार आहात का तेवढं सांगा."

तरी मी कोणाच्याही दबावाशिवाय सांगतो की, सदर हरीण मी चोरले आहे. दोर वापरला नाही, कारण त्याची गरज पडत नाही, हे त्या रानावर सर्वांना माहीत आहे. हेतू जुना होता. आधीच्या अकरांच्या वेळी मी तो अमलात आणला नाही, याची लाज वाटते. त्यांच्याबाबत कोणाची तक्रार नाही असे समजले. कोणी दिल्यास त्याही वेळी मी हजर राहीन.

हा जबाब जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी सवयीने 'हरीण आपणहून मागे आले' असे एक वाक्य घातले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून त्या जागी 'मी नेले' असे लिहिले आहे व खाडाखोडीवर माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच व बरोबर आहे. खटला घाईने चालवू नये, ही नम्र विनंती.