उनाचा घोडा

नको, ती टोपली फेकून नको देऊस, स्वावा — हाडं आहेत, दिसतंय मला, पण उनाचं शेत आहे ते. शिंगं म्हणजे मेंढ्या, जबडे म्हणजे गाई, आणि ही पायाची नळी — हा घोडा. तुम्ही बहिणी नाही खेळलात असं? बरं, रेक्याविकला, शहरात, बाहुल्या असतील. कॉफी घे, साखरेचा खडा दातात धर. पोरीला न्यायला आलीस, ने — आई नाही, आता बापही नाही, मावशीनं नाही न्यायचं तर कुणी? पण जरा बस.

माझा स्काप्ती एवढासा होता ना, तेव्हापासून त्याला मी हाच खेळ शिकवला. जमिनीवर दगड मांडून आपलंच घर, आपलाच माळ करायचा, मग डोळे मीट म्हणायचं, तू मेंढी आहेस, उत्तरेचा वारा सुटलाय, बर्फ डोळ्यांत जातोय — कुठं जाशील? आधी नुसता बें बें करायचा. मग हळूहळू शिंग ठेवायचा नेमकं तिथंच, जिथं सकाळी मेंढी बर्फाखाली जिवंत सापडायची. कसं कळायचं? मी कुठं शाळेत गेलोय! खेळता खेळता यायचं. उनाला तर बापाहून जास्त येतं — "आजोबा, मी मेंढी असताना मध्ये बोलायचं नाही!" असं दटावते मला. म्हणजे — दटावायची.

मेंढ्या खाली घरी आणायला स्काप्ती वरच्या माळावर गेला, वादळ आलं, घोडा एकटाच घरी आला. गावानं सगळा माळ पालथा घातला, बर्फात काठ्या खुपसून बघितल्या. नाही सापडला. — छे गं, मी कशाला त्रास देईन तिला? रोज सकाळी शेत मांडतो, एवढंच. ही नळी हातात देतो, म्हणतो, उना, आज मेंढी नको, आज बाबा हो. वारा सुटलाय. कुठं जाशील? … रडते, हो. मग थांबतो मी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. — असं बघू नकोस माझ्याकडे. लहान आहे, कळतं मला. पण बर्फात पडलाय गं माझा पोरगा, मातीत तरी —

उना? ये, बाळ. कोट घातलास? आज नाही विचारत हं काही. मावशी वाट बघते — घे, घे ती नळी, घोडा तुझाच आहे.

स्वावा, हलू नकोस, डोळे मिटलेत तिनं.

तिथं ठेवलीस नळी? उना, ती दगडांची ओळ म्हणजे आपला मेंढवाडा, बाळ. हा मागचा. घराजवळचा. तिथं तर कुणी शोधलंच —

पोरीला घेऊन जा, स्वावा. लगेच. खिडकीतून मागे बघू देऊ नकोस. आणि ते दाराजवळचं फावडं — दे इकडे.