सुभद्रा शिलाई केंद्राचा पत्ता

दि. ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार. वेळ सकाळी ११.२० वा.

नाव वैभवी चंद्रभान मेंढे, वय ३१ वर्षे, धंदा दुकानांची नावे व पत्ते ऑनलाइन नकाशावर चढवणे आणि सांभाळणे, राहणार बापूजींची इमारत, पहिला माळा, गांधीबाग, नागपूर.

मी आज आपणहून ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी आई सुभद्रा, वय ६२ व वडील चंद्रभान, वय ६९ यांच्यासह राहते. भाऊ अमोल वेगळा राहतो. माझे वडील काल रविवारी सकाळपासून हरवले असून त्याची तक्रार काल संध्याकाळीच दिली आहे. हा जबाब ते कसे गेले आणि कुठे गेले असतील याबद्दल आहे.

वडील कळमना बाजारात मापारी होते. चाळीस वर्षे त्यांनी तिथे माल तोलला. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडतो. घरातली माणसे ओळखतात, जेवतात, गप्पा मारतात, पण बाहेर पडले की घराचा रस्ता आठवत नाही. डॉक्टरांनी गळ्यात नाव-पत्त्याची पाटी घालायला सांगितली होती. वडिलांनी ती फेकून दिली. म्हणाले, "मी का लहान पोट्टा आहो का, गळ्यात पाटी बांधाले? मी हरवत नसतो."

म्हणून मी युक्ती केली. आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. तिच्या कामाचे व्हिजिटिंग कार्ड छापले. वर 'सुभद्रा शिलाई केंद्र' आणि खाली स्कॅन करायचा चौकोन. तो स्कॅन केला की नकाशा थेट आमच्या जिन्यापाशी आणतो. वडिलांच्या खिशात मी कायम दहा कार्डे ठेवते. ते कोणत्याही ऑटोवाल्याला ऐटीत कार्ड देतात आणि म्हणतात, "इथं सोडून दे गा." अकरा वेळा ते असे घरी आले. आई ऑटोवाल्याला चहा पाजून पाठवते. वडिलांना वाटते, आपण आईसाठी गिऱ्हाईक आणले.

साहेबांनी विचारले, कार्डावर पूर्ण पत्ता का नाही. साहेब, गांधीबागेत घर नंबर विचारून कोणाला काही सापडले आहे का? आणि फोन नंबर होता. बापूजींच्या दुकानाचा होता. बापूजी म्हणजे आमचे घरमालक, खाली त्यांचे साड्यांचे दुकान आहे. आमच्या इमारतीत पहिल्यापासून तीच रीत आहे. सगळ्यांचा एकच फोन. बापूजी उचलतात आणि जिन्यातून ओरडतात, "सुभद्राबाई, तुमचं गिऱ्हाईक!" दुसऱ्या माळ्यावर कामिनीताईंचे ब्युटी पार्लर आहे, त्यांचाही तोच नंबर. माझ्या कामाचाही तोच. रविवारी बापूजींचे दुकान बंद असते. हे मला माहीत होते, तरी कार्डावर दुसरा नंबर टाकायचे सुचले नाही.

नकाशावर आमच्या इमारतीतली चारही कामे मीच चढवली होती. पत्ता एक, फोन एक. जानेवारीत नकाशावाल्यांच्या कंप्युटरने चौघांना एकच दुकान समजून एकत्र करून टाकले. बापूजींच्या साड्यांच्या फोटोंत कामिनीताईंचे फेशियल दिसू लागले. आईने कोणाचा ब्लाउज उशिरा दिला तर एका ताऱ्याचा अभिप्राय बापूजींना मिळू लागला. बापूजी वर आले आणि म्हणाले, "बेटी, लोकं साडी घ्याले येतात अन् भुवया कोरायचा भाव विचारतात. हे काय लावून ठेवलं? शनिवारपर्यंत सुधार, नाही तं माझं नाव काढ तुझ्या नकाशातून." ते खोटे बोलत नव्हते. मलाच लाज वाटली. लोकांच्या दुकानांचे पत्ते सांभाळायचे काम माझे, आणि माझ्याच घराचा खिचडा झाला होता.

वेगळे करायचे तर वेगळा पत्ता व वेगळा फोन दाखवावा लागतो. अमोलने बेसा येथे नवीन फ्लॅट घेतला आहे. तळमजला आहे, अजून कोणी राहायला गेलेले नाही. त्याची किल्ली माझ्याकडे होती. शुक्रवार दि. ६ रोजी मी तिथे गेले, 'सुभद्रा शिलाई केंद्र' असा फलक दाराला बांधला, रस्ता, फलक आणि कुलूप उघडताना असा व्हिडिओ काढून नकाशावाल्यांना पाठवला. जुन्या मोबाईलमध्ये नवीन सिम टाकून तो नंबर दिला. शनिवारी मंजुरी आली. आठ दिवसांनी पत्ता परत गांधीबागेत आणायचा, असे मी ठरवले होते. आमच्या धंद्यात सगळे असेच करतात. मी खूश होते. बापूजींना जाऊन सांगितले, झाले तुमचे काम.

वडिलांच्या खिशातली कार्डे मला आठवली नाहीत. त्यांच्यावरचा चौकोन दुकानाच्या नोंदीला जोडलेला आहे. नोंद जिथे जाईल तिथे तो नेतो. हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? रोजचे काम आहे माझे.

काल रविवारी सकाळी ९.४० च्या सुमारास आई आतल्या खोलीत एका बाईचे माप घेत होती. मी बाहेरच्या खोलीत कंप्युटरवर कामिनीताईंची नोंद सुधारत होते. वडील माझ्या मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "वैभवी, कळमन्यात माल आला का वं?" मी म्हटले, "हो बाबा, आला." मी मान वळवली नाही. ते रोज विचारतात आणि मी रोज हो म्हणते. हवालदार साहेब म्हणाले, एवढे बारीक लिहायची गरज नाही. मी म्हणते, लिहा. मी हो म्हटले म्हणूनच ते गेले.

११.१५ वाजता ते घरात नाहीत हे आईच्या लक्षात आले. मी व अमोल कळमन्याला गेलो. तिथे वडिलांचे जुने सोबती धोंडबा काका भेटले. ते म्हणाले, "आला होता ना. काट्याजवळ उभा राह्यला, च्या पेला. मीच ऑटोत बसवून देल्लं त्याले, भाडंबी देल्लं. पत्ता सांगाची गरजच नाही म्हटलं, कार्ड आहे त्याच्या खिशात." आमचा जीव भांड्यात पडला. आईला फोन करून सांगितले की बाबा निघाले आहेत, चहा ठेव.

आम्ही १.१५ वाजता घरी पोचलो. वडील आले नव्हते. आईने चहा दोनदा गरम केला. दोन वाजत आले तेव्हा मी सहज कार्ड स्कॅन करून पाहिले, आणि मोबाईलवर बेसा आले. कळमना शहराच्या एका टोकाला, बेसा दुसऱ्या टोकाला. आईला सांगावे लागले. ती एवढेच म्हणाली, "आपलं घर तू बेस्याले नेलं अन् मले सांगितलंबी नाही?"

३.३० वाजता बेसा येथे पोचलो. फ्लॅटला कुलूप, दाराला माझा फलक. वडील नव्हते. नवीन सिमचा मोबाईल घरी माझ्या टेबलाच्या खणात चार्जिंग संपून बंद पडला होता. सोसायटीचे कॅमेरे अजून जोडलेले नाहीत. आजूबाजूचे प्लॉट रिकामे आहेत. अंधार पडेपर्यंत रस्ते, मंदिर, बस थांबा, बांधकामे पाहिली. अमोलचे म्हणणे होते की ते इथवर आलेच नसतील, मध्येच कुठे उतरले असतील. मलाही तेच खरे वाटावेसे वाटत होते. वडिलांच्या अंगात बिनबाह्यांचा निळा स्वेटर आहे. काल रात्री थंडी होती.

मी पत्ता लगेच गांधीबागेचा केला. पण नकाशावर 'बदल तपासणीत आहे, तीन दिवस लागू शकतात' असे दाखवते. चार वेळा विनंती पाठवली. प्रत्येक वेळी तेच उत्तर येते. म्हणजे आता या क्षणी वडिलांनी कोणाला कार्ड दिले तर तो माणूस त्यांना बेसा येथेच नेईल. म्हणून अमोल कालपासून तिथे दार उघडे टाकून बसला आहे. आई गांधीबागेत दार उघडे ठेवून बसली आहे. बापूजींनी आज दुकान उघडले, पण फोनपाशी बसून आहेत, गिऱ्हाईक करत नाहीत. नकाशावर शिलाई केंद्राची वेळ मी 'चोवीस तास सुरू' अशी केली आहे. तो बदल मात्र लगेच मंजूर झाला.

हा जबाब चालू असताना ११.५२ वाजता माझ्या मोबाईलवर सूचना आली की सुभद्रा शिलाई केंद्राला नवीन अभिप्राय मिळाला आहे. तो साहेबांना दाखवला. त्यांच्या सांगण्यावरून जसाच्या तसा देत आहे. नाव धम्मदीप. तारा एक. "दुकान बंद. कार्डावरचा फोन कोणी उचलत नाही, नकाशावरचा बंद. काल साडेबारा वाजता कळमन्याहून एका आजोबांना सोडलं. मी म्हटलं, बाबा, कुलूप आहे. ते म्हणाले, पोरगी वरच आहे माझी, कंप्युटरवर काम करून राहिली, आवाज देऊ नको तिले. पायरीवर बसले. मले पुढचं भाडं होतं, मी निघालो. असे पत्ते टाकू नका, लोकांची माणसं असतात."

मी त्या अभिप्रायाखाली माझा नंबर टाकून त्यांना फोन करण्याची विनंती केली आहे. त्यांचा शोध घ्यावा, तसेच त्या पायरीपासून पुढचे सगळे रस्ते आज पाहावेत, एवढीच माझी मागणी आहे. त्या ऑटोवाल्यांची काही चूक नाही. माझी आहे, तसे लिहावे. सध्या मला आणखी काही सांगायचे नाही.

हा मजकूर हवालदार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. वेळा बरोबर आहेत, पत्ते बरोबर आहेत. एकच बदल करून घेतला. सुरुवातीला 'हरवले' असे लिहिले आहे ते खोडून 'घरी यायला निघाले आहेत' असे लिहावे. वडिलांना तो शब्द चालत नाही. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही करते.

वैभवी चंद्रभान मेंढे