काकूनं पाजलेलं दूध
आता घरोघरी प्रोटीनचे डबे दिसतात, तसा एक डबा आमच्या काकूनंही आणला होता. मोबाइल यायच्या आधीचं हाय हे. काका इचलकरंजीत मागावर कामाला. काविळीनं त्यांचं लिव्हर पार गेलेलं, अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. ताकद यावी म्हणून काकू रोज दुधातून पावडर पाजायची, जरा जास्तच घालून. आठवड्याभरात काका बरळायला लागले. काकूलाच विचारलं, "बाई, कुठलं गाव तुमचं?"

कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "आतड्यातले जंतू प्रोटीनपासून अमोनिया तयार करतात. चांगलं लिव्हर तो साफ करतं. यांचं करू शकलं न्हाय, तो डोक्यात चढला."

काकू म्हणाली, "म्हंजे मी दूध ह्यास्नी न्हाय, त्या जंतूंनाच पाजलं की."



अमोनिया बाहेर पडावा म्हणून पोट साफ व्हायचं औषध दिल्यावर काका भानावर आले. काकूला नावानं हाक मारून म्हणाले, "भूक लागलीया."

पुढं पावसाळ्यापर्यंत ते होते. काकू रोज त्यांचं ताट वाढायची, पण स्वतः त्यांच्या हातात दिलं न्हाय कधी. माझ्याकडं सरकवायची आणि म्हणायची, "तू दे."