चौथ्या इंजिनाचं कुंकू

यंत्राला कसली पूजा लागते, असं म्हणणाऱ्या आमच्या कॅप्टनची गंमत सांगतो.

मी मालवाहू विमानावर को-पायलट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाशिकहून निघताना आईने हळद-कुंकवाची पुडी दिली. म्हणाली, "मळ्यात ट्रॅक्टरची पूजा होते, मोटारीची होते, मग विमानाने काय घोडं मारलंय?"

दसऱ्याला विमानतळावर नारळ फोडता येत नाही. म्हणून शिडीवर चढून एकेका इंजिनाला कुंकवाचं नुसतं बोट लावत होतो. चारपैकी तीन झाली आणि खालून कॅप्टन म्हणाले, "पुरे रे, उशीर होतोय."

चार तासांनी, खाली नुसता समुद्र असताना, चौथ्या इंजिनाचं ऑइल प्रेशर घसरलं. ते इंजिन बंद केलं. तिनावरही विमान नीट उडतं, पण कॅप्टन माझ्याकडे वळले. हळूच म्हणाले, "हे तेच का रे?"

"हो सर. तेच."

सुखरूप उतरलो. मेकॅनिकने शिडी लावली, तर त्याच्या आधी कॅप्टनच वर. माझ्याकडची पुडी हातात, बोटाला कुंकू.

"साहेब, हे इंजिन आता बदलायचंय," मेकॅनिक म्हणाला.

कॅप्टन उतरले आणि पुडी त्याच्या हातात दिली. "मग नवीन बसवलं की आधी हे लाव. कितीही उशीर होऊ दे."