मरायला हवी होती ती कपाशी

शिरपूरच्या स्टँडवर सोमवारचा उपास धरलेली लताबाई जप करत बसली होती. पण कान मागच्या बाकावरच्या दोघींकडे लागले.

"सुंदरअक्का, तुमच्या सासूबाईंच्या वाणाची मूठभर सरकी द्या ना. माझी संपली."

"नाही देत, दिपमाला."

"अगं बाई! देवाच्या वातींपुरती कपाशी लावायची, तिलाही नाही?"

"ते वाण आता राहिलंच नाही गं. शेजारच्या वावरात तणनाशकाने न मरणारी कपाशी आहे. तिचं आमच्यात मिसळलं. मधमाशीला बांध कुठे कळतो?"

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायचं काय? ह्यांनी चुकून आमच्या कपाशीवरच तणनाशक मारलं. बठ्ठं गवत जळालं, एक काडी उरली नाही. वाण गेलं म्हणून मी रडत बसले. पंधरवड्याने बघते, तर निम्मी झाडं हिरवीगार!"

"मग वाचलं की वाण!"

"वाचलं कसं? सासूबाईंचं असतं तर मेलं असतं."

दिपमालाने पुढे केलेली रिकामी पिशवी घडी घालून मांडीवर ठेवली.

"तू मागच्या साली नेलेली सरकीही ह्याच मिसळलेल्या बियाण्यातली. पेरली नाहीस ना गं?"

"पेरली, अक्का. निघाली तेवढी साऱ्या भजनी मंडळाला वाटली. देवाचं वाण, म्हटलं, घरोघरी जाऊ दे."