कॉलेजची सोयरीक

या, पुढं सरका मंडळी! टाळ जरा खाली ठेवा. आज तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. चांगल्या कामाला निघालेल्या माणसानं पैशाचा हिशोब करावा, का करू नये?

काय म्हणालात? "सेवेत कसला हिशोब, महाराज!" वा! आणि हे म्हणतंय कोण? मघाशी मंडपवाल्याशी तासभर घासाघीस करून आलेले गृहस्थ! — हसा, हसा. पण प्रश्न लक्षात ठेवा, आणि आता ऐका.

विट्यात मुरलीधर बोंगाळे नावाचे शिंपी. हात असा, की त्यांनी शिवलेला शर्ट फाटेल पण शिवण उसवणार नाही! त्यांची एकुलती एक लेक अनुजा. गणित घेऊन बी. एस्सी. झालेली. तिचं वेड कसलं? शिकवायचं! गल्लीतली पोरं गोळा करायची, भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवायची. पोरं गणित शिकायची — आणि भाकरीही खायची! तिला बी. एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. दुसरं काही नाही.

मुरलीधर सातवीत शाळा सोडलेला माणूस. त्याला वाटे, माझी पोर शिकेल तर झोकात शिकेल! शहराबाहेर एक कॉलेज होतं. नाव घेत नाही, त्यांचे पाहुणे इथं बसले असतील! गेले सगळे बघायला : मुरलीधर, अनुजा, आणि मुरलीधरची थोरली बहीण शकूआत्या. गेटात कारंजं. आत गार हवा. कपबशीतून चहा, वर काजूकतली! कोटातले साहेब म्हणाले, "शंभर टक्के नोकरी."

आता सांगा, कुठली नोकरी, किती पगाराची, कुणी विचारलं? छे! मुरलीधर कारंज्याकडं बघत होता!

फी, हॉस्टेल, गणवेश, आणखी कसकसल्या नावाचे पैसे धरून दोन वर्षांचे पाच लाख. पूर्वी गुरुदक्षिणा शिकून झाल्यावर द्यायचे हो. आता गेटातच द्यावी लागते!

"पक्कं!" मुरलीधर म्हणाला. "दुकानाचा गाळा तारण ठेवतो. बँक कर्ज देतीय."

अनुजाच्या मनात दुसरंच कॉलेज होतं. जिल्ह्याच्या गावी एक जुनं अनुदानित कॉलेज होतं. पत्र्याचं छत, पण फी याच्या दहाव्या हिश्शात. प्रवेश परीक्षेत तिला गुण इतके, की तिथं जागा मिळत होती. मग बोलत का नव्हती? अहो, भीती! पोर गणिताची, पण याच एका गणिताला भ्यायची. नव्या शिक्षकाचा पगार बापासमोर मांडला, तर बाप म्हणेल, "एवढ्याशा पैशासाठी शिकवतीस कशाला? बँकेची परीक्षा दे!" हिशोब मांडला तर शाळा जाईल, न मांडला तर बापाचं दुकान. सांगा बाई, काय करावं तिनं?

परतीच्या एसटीत शकूआत्यानं तोंड उघडलं. या बाईनं निम्म्या तालुक्याची लग्नं जमवलेली!

"मुरल्या, सुपारी फोडायला निघालास, चौकशी केलीस का?"

"केली की आक्का. केवढी इमारत बघितलीस ना?"

"इमारतीला पोरगी देतोस व्हय? स्थळाची चौकशी स्थळाच्या घरी करत नसतात. आधी आलेल्या सुना कुठं हायत, सुखात हायत का, ते विचारायचं! अनुजा, उद्या माझ्याबरोबर चल."

आणि मंडळी, दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. कारंज्याच्या घरची सून शोधायला! सापडली एका खाजगी शाळेत. नाव तेजस्विनी. मधल्या सुट्टीत कोपऱ्यात बसून फोनवर कुणाला तरी विनवत होती, "चार दिवस थांबा, भरते."

"पगार किती गं?" आत्यानं सरळ विचारलं. आत्याला कसली लाज!

"बारा हजार."

"आणि कॉलेजच्या कर्जाचा हप्ता?"

"साडेआठ." तेजस्विनी अनुजाकडं बघून म्हणाली, "संध्याकाळी एका मेडिकलात बिलं करते. पोरं वाईट नाहीत गं. पण पोरगं शंका विचारायला उठलं, की मला हप्त्याची तारीख दिसते. मी उगाच खेकसते त्याच्यावर." आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दुसरी शिक्षिका आली, जयश्री. हाताला खडू, मागं चार पोरं, आणि खो खो हसतीय!

"ही कुठली?" आत्या.

"मी पत्र्याच्या कॉलेजची!"

"पगार?"

"बाराच की. पगार देताना कोण विचारतंय, तुमच्या कॉलेजात कारंजं होतं का म्हणून!"

एकच शाळा, एकच पगार. मंडळी, फरक कुठं होता, सांगायला हवं का?

अनुजा आत्याला घेऊन थेट दुकानात आली. मुरलीधर मशीनवर बसला होता. पोरीनं एका दमात सगळं सांगून टाकलं. मशीन थांबलं. आणि जे व्हायचं तेच झालं!

"बारा हजार? मग शिकवणं राहू दे. बँकेची परीक्षा दे."

अनुजाला रडू फुटलं. पण मागं हटली नाही हो! म्हणाली, "आप्पा, मला पोरांना शिकवायचंच आहे. म्हणून तर कर्ज नको म्हणते. डोक्यावर हप्ता घेऊन गेले, तर पोरांवर खेकसायला लागेन, वर्षा-दोन वर्षांत पळून येईन. मोकळी गेले, तर बारा हजारांतही टिकेन. सरकारी भरती निघेल तेव्हा परीक्षा देईन. तोवर तुमच्या घरात दोन भाकरी मिळतील ना मला?"

बापानं हातातलं कापड बाजूला ठेवलं आणि हळूच म्हणाला, "भाकरीचं काय बोलतीस, खुळे! पण गल्लीत काय सांगू? पोरगी पत्र्याच्या कॉलेजात घातली?"

शकूआत्या ओरडली, "सांग की, पोरीनं बिनहुंड्याचं स्थळ काढलं म्हणून!"

मुरलीधर असा हसला, असा हसला, की समोरच्या दुकानातली माणसं उठून आली! अनुजा पत्र्याच्या कॉलेजात शिकली. आज शाळेत आहे. पगार अजून थोडाच आहे बरं, खोटं कशाला सांगू? भरतीची वाट बघतीय. पण तिच्या वर्गात पोरगं तीनदा शंका विचारतं, आणि ती तीनदा सांगते.

आता तुमच्याकडं वळतो! जावयाचा पगार खोदून खोदून विचारता, आणि लेकीच्या डोक्यावर कर्ज ठेवताना कारंजं बघता? उद्या घरातली पोर म्हणाली, मला शिक्षिका व्हायचंय, तर तिला हसू नका, तिच्याबरोबर चौकशीला जा. सेवा टिकावी म्हणूनच तर हिशोब करायचा, बाबांनो!

आणि शाळा चालवणारे जे पहिल्या रांगेत बसलेत — मघाशी तुम्हीच मला हार घातलात, तरी बोलतो! देवळावर सोन्याचा कळस चढवायला तुम्ही पैसे जमवलेत म्हणे; पण देवाला सोन्याचा कळस हवाय, असं मला कधी स्वप्न पडलेलं नाही. त्या पैशातून तुमच्या शिक्षकांचा पगार वाढवा. हो म्हणा, मग आरती लावू. — का हो, आता का कुणी बोलत नाही?